रॉकेटचं अ‍ॅव्हरेज

त्या वर्षी मी दूध तपासायचं काम करत होते. बी.एस्सी. फिजिक्सला चांगले मार्क पडले होते, एम.एस्सी.ला नंबरही लागला होता. पण सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही आणि आमची जनावरं चारा छावणीत न्यावी लागली. आई-बाबा आळीपाळीनं छावणीत राहायचे. बाबा म्हणाले, "एक साल थांब." मी थांबले. वडवणीच्या बाहेर, बीडच्या रस्त्याला, आमच्या भागातल्या बायकांच्या सहकारी दूध संस्थेचं शीतकरण केंद्र होतं. तिथं फॅट काढायला, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते तपासायला, माणूस हवा होता. मला ठेवून घेतलं.

दूध निम्म्यावर आलं होतं, त्यामुळे काम दहा वाजताच संपायचं. बाकीचा वेळ मी एक वही काढून बसायचे. त्या वहीत मी जगातल्या रॉकेट इंजिनांची तुलना मांडली होती. कोणत्या देशाचं, कोणतं इंधन जाळतं, जोर किती आणि शेवटच्या रकान्यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा, म्हणजे ते इंधन किती काटकसरीनं वापरतं. मोबाईलवर रेंज आली की मी माहिती उतरवून घ्यायचे. कशासाठी, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बहुतेक फिजिक्स हातातून सुटू नये म्हणून.

केंद्राला रोज एक टँकर पाणी यायचं. डबे धुवायला, मशीनला आणि वाटेतल्या वस्तीला. टँकरचे ड्रायव्हर पन्नाशीचे होते. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला ताई म्हणायचे. त्यांना एकच वेड होतं, गाडीचं अ‍ॅव्हरेज. टँकर भरलेला किती देतो, रिकामा किती देतो, मांजरसुंब्याच्या घाटात किती खातो, हे ते कुणीही न विचारता सांगायचे. पाणी सोडून पाइप गुंडाळेपर्यंत ते माझ्या टेबलापाशी टेकायचे. एक दिवस त्यांची नजर वहीवर गेली.

"ताई, हे चारशे पन्नास काय हाय?"

"रॉकेटच्या इंजिनाचं अ‍ॅव्हरेज आहे, मामा."

ते सरळ उभेच राहिले. "चारशे पन्नास किलोमीटर? एका लिटरला?"

"किलोमीटर नाही. सेकंद."

"सेकंद?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी पाव किलो दुधाला दोन मीटर म्हटलं होतं. "अ‍ॅव्हरेज सेकंदात कावून?"

मला एकदम तरतरी आली. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला फिजिक्स विचारत होतं. मी पेन घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर चित्र काढायला लागले.

"तुमचा टायर रस्त्याला मागं रेटतो, म्हणून गाडी पुढं जाते. वर आभाळात रस्ताच नाही. मग रॉकेट काय करतं, आपलंच इंधन जाळून त्याचा धूर मागं फेकतं. धूर मागं, रॉकेट पुढं. आता समजा तुमच्याकडं एक किलो इंधन आहे, त्याला जाळायला लागणारा ऑक्सिजन धरून. त्याच्या जोरावर एक किलोचं वजन अधांतरी तोलून धरायचं. किती वेळ धरता येईल? जेवढे सेकंद धराल, तेवढं त्या इंधनाचं अ‍ॅव्हरेज."

मामांनी हातातला पाइप खाली ठेवला. "म्हंजी ओझं डोक्यावर घेऊन किती येळ उभं ऱ्हायचं."

"अगदी तसंच!"

मग त्यांनी वहीवर बोट ठेवून एकेक ओळ वाचून घेतली. दिवाळीच्या भुईनळ्यातल्या दारूसारखं घट्ट इंधन, अडीचशे सेकंदांच्या आसपास. रॉकेल, तीनशेच्या थोडं वर. रॉकेलवर ते थांबले.

"राकेल? आपलं ष्टोतलं?"

"त्याच जातीचं. पण लई साफ केलेलं."

"आयला!" ते खूश झाले. मग शेवटच्या ओळीवर आले. "आन ह्ये चारशे पन्नासवालं?"

"हायड्रोजन. जगातला सगळ्यात हलका वायू. थंड करून त्याला पाण्यासारखं पातळ करतात आणि टाकीत भरतात."

इथं त्यांचा चेहरा बदलला. "न्हाई ताई. हे काय पटत न्हाई. जड माल मागं फेकला तर जोर लागंल. हलक्या वायूनं काय जोर लागणार? फुंकर मारल्यावानी व्हईल. कुणीतरी उलटं छापलंय बघा." आणि पाइप उचलून ते निघूनही गेले.

हलकी वस्तू जास्त वेगानं बाहेर पडते, वेगानंच सगळा फरक पडतो, हे मी त्यांच्या मागं ओरडून सांगितलं. टँकरच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही. पण माझं डोकं आता थांबायला तयार नव्हतं. मामांना पटवायचं कसं? हायड्रोजन तर आणता येणार नाही. मग हलकं आणि जड म्हणून दुसरं काय आहे माझ्याकडं? दुसऱ्या दिवशी दुधाचे डबे मोजता मोजता एकदम सुचलं. हवा आणि पाणी!

कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, वर दाबून हवा भरायची, बूच उडवायचं. पाणी फस्सकन मागं जातं, बाटली पुढं जाते. तेच नुसत्या हवेनं करायचं, पाण्याशिवाय. दोन्हीचा जोर मोजायचा, दोन्हीचं वजन मोजायचं. हवेच्या एका ग्रॅमनं किती ढकललं, पाण्याच्या एका ग्रॅमनं किती. ही इंजिनांचीच तुलना होती, फक्त आग नव्हती.

दूध तपासायची रसायनं मोजायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्याच टेबलावर होता. दाबाची हवा तर टँकरमध्येच होती. ब्रेकच्या टाकीतली हवा पाइप लावून टायरमध्ये भरताना मी मामांना कितीदा पाहिलं होतं. अडचण होती पाण्याची.

संस्थेच्या सेक्रेटरी एक काकू होत्या. केंद्राची किल्ली, पाण्याचा व्हॉल्व्ह, सगळं त्यांच्या हातात. मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"पाणी उडवायचं? हवेत?"

"पाच-सहा बाटल्या फक्त, काकू."

"तिकडं वस्तीवर बाया हंड्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरायल्यात, आन तू पाणी उडवणार. कुणी बघितलं तर मला गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी ती वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूच माझ्या टेबलापाशी आल्या.

"डबे विसळलेलं पाणी चालंल का गं?"

ते दुधाळ पाणी रोज छावणीतल्या वासरांसाठी जायचं.

"चालेल की!"

"मग खाली ताडपत्री हातरायची. उडालेलं पाणी गोळा करून परत डब्यात. एक थेंब मातीत गेला तर तुझी वही मी चुलीत घालीन." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "किती वाजता करणार? मलाबी बघायचंय."

मामांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. पण बूच कसं धरून ठेवायचं हा प्रश्न निघाला आणि त्यांच्यातला मिस्त्री जागा झाला. दुसऱ्या दिवशी ते रबरी बुचात टायरचा व्हॉल्व्ह बसवूनच घेऊन आले. बाटलीच्या गळ्याभोवती तारेची कडी होती आणि दुधाच्या जुन्या डब्याची खिट्टी त्यांनी तिला जोडली होती. दोरी ओढली की खिट्टी सुटायची आणि बूच मोकळं. मला कारखान्यात बनवलेल्या वस्तूसारखी ती देखणी वाटली.

मोटर उचलायची एक साखळी केंद्राच्या छताच्या गर्डरला लटकत होती. तिला आम्ही दुधाचा चाळीस लिटरचा डबा अडकवला, निम्मा वाळूनं भरून, म्हणजे झोका हळू आणि मोजण्यासारखा व्हावा. डब्याला बाटली बांधली, तोंड मागच्या बाजूला आणि जरा खाली झुकवून. डब्याच्या पुढ्यात स्टुलावर एक काडेपेटी ठेवली. डबा पुढं गेला की काडेपेटीला ढकलणार, डबा परत येणार, काडेपेटी तिथंच राहणार. मग पट्टीनं अंतर मोजायचं. जितकं अंतर, तितका जोर.

शनिवारी सकाळी दूध घालायला आलेल्या बायका घरी जाईनात. पंधरा-वीस जणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकू पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी खुर्ची टाकून बसल्या, जसं काही त्याच परीक्षक होत्या.

"पहिली बाटली तोंडोतोंड भरा," मामांनी फर्मावलं. "इंधन जास्त, जोर जास्त. बघूच."

मला उत्तर माहीत होतं, तरी मी मामांचंच ऐकलं. बाटली गच्च भरली, वर हवेला बोटभर जागा. मामांनी टँकरचा पाइप लावला, टायरच्या मीटरवर सत्तर पौंड दाखवलं. मी दोरी ओढली. बाटलीनं एक गुळणी टाकली आणि मग पाणी नळासारखं ताडपत्रीवर गळत राहिलं. काडेपेटी जेमतेम हलली.

बायका खो खो हसल्या. "मामा, तुमचं राकेट मुतलं की!" एक जण म्हणाली. मामाही हसले, पण काडेपेटीकडं बघत राहिले. "ढकलायला हवाच न्हाई आत," ते स्वतःशीच म्हणाले. "ताई, कमी भरा. तिसरा हिस्सा."

काट्यावर मी सहाशे ग्रॅम पाणी मोजून घातलं. पुन्हा सत्तर पौंड. ह्या वेळी दोरी ओढायच्या आधीच खिट्टी सटकली. धाड! बूच मागच्या भिंतीवर आदळलं, दुधाळ पाण्याचा लोट थेट काकूंच्या अंगावर. चष्मा, पदर, सगळं चिंब. काकूंनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "लुगडं पिळून पाणी डब्यात घालते. आता खिट्टी नीट लावा."

तिसऱ्यांदा खिट्टी टिकली. मी दोरी ओढली. असा आवाज झाला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. डबा झुकला, काडेपेटी सरसर सरकत गेली. मी गुडघ्यावर बसून पट्टी लावली. वीस सेंटिमीटर! पुरती एक वीत. खात्रीसाठी पुन्हा केलं. एकोणीस. पुन्हा. वीस.

"आता तुमचा हायड्रोजन," मामा म्हणाले.

रिकामी बाटली, फक्त हवा, तेच सत्तर पौंड. पण आधी मी ती भरलेली बाटली बूच-खिट्टीसकट काट्यावर ठेवली. मग हळूच व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली, पुन्हा वजन केलं. बायका पुढं वाकून बघत होत्या. काट्यावरचा आकडा उतरला. साधारण साडेअकरा ग्रॅमचा फरक.

"हवेलाबी वजन असतंय?" एकीनं विचारलं.

"असतंय तर. हे बघा ना!" माझा आवाज चिरकत होता. हे मला पुस्तकातून माहीत होतंच. पण आपल्या हातानं, दुधाच्या काट्यावर हवा तोलणं ही वेगळीच गोष्ट होती.

बाटली पुन्हा भरून डब्याला बांधली. दोरी ओढली. फट्! फटाक्यासारखा कोरडा आवाज. काडेपेटी किंचित सरकली. पट्टी लावली. चार सेंटिमीटर.

"दोन बोटं!" मामांनी टाळी वाजवली. "बघा ताई! पाण्यानं एक वीत, हवेनं दोन बोटं. मी म्हणलं न्हवतं? फुंकरच हाय ती!"

"मामा, आता अ‍ॅव्हरेज काढा," मी म्हणाले. "जोर तर बघितला. पण माल किती खर्च झाला?"

मामा थबकले. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डिझेलचं गणित ते चालत्या गाडीत करायचे. ओठ हलवत ते मोजायला लागले. "पाणी सहाशे ग्रॅम, एक वीत. हवा साडेअकरा ग्रॅम, चार सेंटिमीटर. हवाबी सहाशे ग्रॅम घेतली असती तर... पन्नासपट... बावन्नपट म्हणा... चार बावन्ने..." ते थांबले. माझ्याकडं बघितलं. पुन्हा मोजलं. मग त्यांनी गमछा डोक्यावरून काढून जमिनीवर आपटला.

"दोन मीटर! ताई, दोन मीटरच्या वर जातंय! पाणी वीस सेंटिमीटर आन हवा दोन मीटर! तेवढ्याच वजनात!"

"दहापट अ‍ॅव्हरेज, मामा!"

"दहापट!" ते भिंतीकडच्या बायकांकडं वळले. "ऐकलं का? फुंकर म्हणत होतो मी! दहापट हाय!"

मी अक्षरशः उड्या मारत होते. बायकांना आकड्यांचं किती कळलं ठाऊक नाही, पण आमच्या दोघांचे चेहरे बघून त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. आणि त्या गोंधळातच मामांचा आवाज पुन्हा खाली आला.

"पर थांबा. सहाशे ग्रॅम हवा ठेवायची कशात? असल्या बाटल्या पन्नास लागतील. पन्नास बाटल्यांचं वजन कोण वाहणार?"

मी त्यांना हे सांगितलंच नव्हतं. हायड्रोजनची सगळी रड तीच आहे. इतका हलका की टाकी अवाढव्य लागते, आणि टाकीचं वजन उचलण्यातच निम्मी कमाई जाते. हे जाणकारांना पडलेलं कोडं होतं आणि मामा टँकरच्या अनुभवावरून, पाच मिनिटांत तिथं येऊन उभे राहिले होते.

"म्हणून मामा, बऱ्याच रॉकेटांत खाली रॉकेल किंवा घट्ट इंधन असतं. सुरुवातीला सगळं ओझं जमिनीवरून उचलायला नुसता जोर पाहिजे. आणि वर गेल्यावर, ओझं कमी झालं की..."

"समजलं!" त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "घाट चढताना पहिला गिअर. डिझेल लई खातो, पर वर नेतो. पठारावर आलं की टॉप. तिथं अ‍ॅव्हरेज. घाटात टॉप टाकला तर गाडी बंद पडंल." मग जरा वेळानं, "म्हंजी पुस्तकात उलटं छापलेलं न्हवतं."

"नव्हतं."

"आन मीबी निम्मा बरोबर होतो."

"निम्मा नाही, जास्तच," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बायका मात्र अजून जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, "हे झोक्याचं झालं. आता वर उडवून दाखव." मी काकूंकडं बघितलं. त्यांचं लुगडं अजून ओलं होतं. त्यांनी ताडपत्रीवरच्या पाण्याकडं बघितलं, मग दाराबाहेरच्या उन्हाकडं.

"एकच," त्या म्हणाल्या. "वासरांना मी सांगीन काहीतरी."

बाहेर अंगणात तीन विटांच्या आधारानं बाटली उलटी उभी केली. मामांनी पाइप लावला. ह्या वेळी दोरी कुणी ओढायची यावर जरा वाद झाला आणि शेवटी ती काकूंच्या हातात गेली. त्यांनी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि ओढली.

बाटली गेली ती गेलीच. विटांवर पाण्याचा फवारा आणि वर एक चकाकणारा ठिपका. कडुलिंबाच्या शेंड्याच्या वर, केंद्राच्या पाण्याच्या टाकीच्या वर, अजून वर. सगळ्यांच्या माना मागं. कुणीतरी "गेली, गेली!" ओरडत होतं, ती मीच होते. मग ती वरच क्षणभर थबकली, उलटली आणि हेलकावे खात शेजारच्या चारा छावणीत जाऊन पडली. तिथल्या बैलांनी दावी ताणली, एक म्हातारे गुराखी काठी घेऊन बाहेर आले, आणि काकू, ज्यांना मी इतक्या महिन्यांत मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, त्या पोट धरून खाली बसल्या.

त्यानंतर महिनाभर मामा रोज एक प्रश्न घेऊन यायचे. रॉकेटला ब्रेक असतो का? चंद्रावर जाऊन परत यायचं तर डिझेल तिकडं भरतात का? मला न येणारे प्रश्न मी लिहून ठेवायचे आणि रेंज आली की उत्तर शोधायचे. वही भरत गेली. जून महिन्यात, टँकर चालूच असताना, मी एम.एस्सी.ला गेले. फॅट काढायला काकूंनी माझ्या धाकट्या बहिणीला तयार केलं होतं. त्यांनीच छावणीत जाऊन बाबांना सांगितलं होतं की आता हिला थांबवू नका. एसटीत बसवताना बाबा एवढंच म्हणाले, "ते बाटलीचं मलाबी एकदा दाखवायचं ऱ्हायलं."

हॉस्टेलवर मला दोन-तीन महिने झाले असतील. दुपारी प्रॅक्टिकलमधून बाहेर आले आणि फोन वाजला. मागं ट्रकांचे हॉर्न, भांड्यांचा आवाज. मामा मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावरून बोलत होते.

"ताई, एक पैज लागली हाय. इथं एक जण म्हणतोय, आता परदेशात शेणाच्या गॅसवर चालणारं राकेट काढायलेत. मी म्हणलं, ताईला इचारल्याबिगर मी मानत न्हाई. खरं हाय का?"

"शेणाच्या नाही, पण गोबरगॅसमध्ये जो मिथेन असतो, तोच वायू. खरं आहे मामा."

"आन अ‍ॅव्हरेज?"

"रॉकेलपेक्षा जास्त, हायड्रोजनपेक्षा कमी. आणि टाकी हायड्रोजनपेक्षा पुष्कळ लहान लागते."

मग फोन तोंडापासून लांब धरून ते ओरडले, ते मला लख्ख ऐकू आलं, "ऐका बे! टाकीबी लहान लागती म्हणं!"